खिशातला अभिजात चाकू आणि ‘खटका’ या शब्दाचा घोळ

मुठीत मिटणारे पाते फार जुने आहे. पण रोजच्या वापरातला आजचा अभिजात चाकू कोणता, या वादापुरते १९६० च्या दशकाच्या मागे जायची गरज नाही. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत शिकाऱ्यांसाठी ११० क्रमांकाचा घडीचा चाकू आला. पितळी टोके, लाकडी मूठ, पावणेचार इंची पाते आणि पाते उघडे धरून ठेवणारे पाठीवरचे लॉक. चाकू मजबूत होता, पण वजन २०० ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे तो कमरेच्या पट्ट्याला म्यानात लटकायचा, खिशात नाही. शिवाय उघडायला दोन हात लागत.

खिशाचा प्रश्न सुटला १९८१ मध्ये. कोलोरॅडोतल्या एका कंपनीने मुठीला क्लिप लावली आणि पात्याला गोल भोक पाडले. तोवर चाकू खिशाच्या तळाशी नाण्या-किल्ल्यांबरोबर आडवा पडायचा आणि बिजागरीत सुताचा भुगा भरायचा. क्लिपमुळे तो खिशाच्या काठाला उभा टांगला गेला. हात न बघता दर वेळी त्याच जागी जाऊ लागला. अंगठ्याचे मांस भोकात रुतते आणि पाते एका हाताने फिरते. हेच काम पात्यावरची छोटी खुंटी करते, पण धार लावताना ती दगडाला अडते. भोकाच्या पेटंटची मुदत पुढे संपली. गोल आकार मात्र ट्रेडमार्क म्हणून राहिला. इतरांच्या पात्यांवर लांबट किंवा वेडीवाकडी भोके दिसतात, त्याचे कारण हे.

१९९० च्या आगेमागे अशा चाकवांची दोन टोके पुढे आली. एक डेलिका: जपानच्या सेकी शहरात बनणारी, नायलॉन-काचतंतूची हलकी मूठ. दुसरा सेबेंझा: टायटॅनियमची मूठ, अचूक जुळणी आणि भल्याभल्यांना विचार करायला लावणारी किंमत. झुलू भाषेत सेबेंझा म्हणजे काम. बऱ्याच मालकांच्या सेबेंझाला ते क्वचितच पडते.

आता घोळाचा शब्द. ‘खटक्याचा चाकू’ म्हटले की ऐकणाऱ्यासमोर कळ दाबताच उसळणारे पाते येते. प्रत्यक्षात खटके तीन प्रकारचे आहेत. पहिल्यात पाठीची स्प्रिंग नुसती दाब देते. पाते ‘खट्’ करून थांबते, पण जोर दिला की मिटते. दुसऱ्यात पाते उघडल्यावर अडकते आणि दांडी किंवा पट्टी बाजूला केल्याशिवाय मिटत नाही. तिसऱ्यात कळ दाबली की पाते आपोआप उघडते. दुसरा प्रकार बोटे वाचवण्यासाठी आहे. जाड पुठ्ठ्यात अडकलेले पाते उलटे ओढले किंवा टोकाने भोक पाडले, की पहिल्या प्रकारातले पाते थेट बोटांवर मिटू शकते.

ब्रिटनमध्ये हाच फरक उलटा मोजला गेला. तिथल्या १९८८ च्या कायद्यात ३ इंचांपर्यंतच्या धारेचा घडीचा खिशातला चाकू सार्वजनिक जागी बाळगायला सूट आहे. लॉकबद्दल कायद्यात अवाक्षर नाही. १९९३ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने अर्थ लावला: घडीचा चाकू तोच, जो केव्हाही नुसता दुमडून मिटतो. मिटण्याआधी कळ दाबावी लागत असेल तर सूट नाही. मग पाते दोन इंचांचे का असेना! शब्दाला चिकटून पाहिले तर निकाल समजतो, पण कापणाऱ्याच्या बोटांचा विचार त्यात कुठे दिसत नाही. ‘तिथे लॉकवर बंदी आहे’ हेही चूक. असा चाकू बाळगण्याला योग्य कारण दाखवावे लागते, एवढेच. २००८ मध्ये जर्मनीने वेगळी रेघ ओढली. एका हाताने उघडणारा आणि लॉक होणारा, अशा दोन्ही गोष्टी एकत्र असतील तर तो सबळ कारणाशिवाय बाळगता येत नाही. अशा कायद्यांमुळे क्लिप आणि भोक ठेवून लॉक काढलेल्या चाकवांची वेगळी जातच तयार झाली.

दरम्यान लॉकही बदलत गेले. मुठीचीच पट्टी आत वाकून पात्याच्या बुडाला टेकते, ही सेबेंझाची पद्धत खूप उचलली गेली. नव्या चाकवात पट्टी बुडाच्या पलीकडच्या काठापासून बरीच अलीकडे टेकायला हवी. पार पलीकडच्या काठाला गेली तर ती झिजली असे समजावे. टायटॅनियम थेट कडक पोलादाला घासले की चिकटते, म्हणून पुढे टोकाला पोलादी तुकडा किंवा सिरॅमिकची गोळी बसवायला सुरुवात झाली. १९९८ मध्ये दोन बारीक स्प्रिंगांवर सरकणारी आडवी दांडी आली. डावखुऱ्यांनाही ती तितकीच सोयीची. एक स्प्रिंग तुटली तरी सहसा काम चालते, फक्त दांडी तिरकी बसते. तेच लॉक असलेला २०१७ चा बगआउट नावाचा चाकू ५२ ग्रॅमचा आहे, पाते ८२ मिलिमीटर. मूठ मात्र चिमटीत दाबली की लवते.

या सगळ्यांत अभिजात म्हणावी ती डेलिकाच. ७३ मिलिमीटरचे पाते, ७१ ग्रॅम वजन आणि तीन दशकांत मूळ आराखड्याला धक्का नाही. पहिल्या आवृत्तीत क्लिप मुठीतच ओतलेली होती. ती तुटली की मूठच गेली. चौथ्या आवृत्तीत पोलादी क्लिप स्क्रूने चार जागी बसवता येते आणि मुठीच्या आत पोलादी पट्ट्या आहेत.

तिचा दोष पाठीच्या लॉकचा आहे. दांडीचा दात बुडाच्या खाचेत पूर्ण उतरायला हवा. खाचेत भुगा दबून बसला की तो अर्धाच उतरतो. पाते उघडून पाठीवरून नख फिरवावे. दांडी किंचितही वर लागली तर कोमट पाणी, दात घासायचा जुना ब्रश आणि टूथपिकने खाच मोकळी करावी, पूर्ण वाळवावे आणि बिजागरीला तेलाचा एकच थेंब द्यावा. जास्त तेल नवा भुगा ओढते. पाते जड फिरत असेल तर बिजागरीचा स्क्रू एक अष्टमांश फेऱ्यापुरताच सैल करावा. त्याच्या आट्यांना चिकट द्रव लावलेला असतो. आधी थोडी ऊब न देता जोर केला, की डोक्यातली चांदणीच्या आकाराची खाच झिजते आणि मग तो स्क्रू कुठल्याच पान्याला दाद देत नाही.