हार्नेट कुठला आणि पेटो कुठला?

विल्यम हार्नेट (१८४८-१८९२) आणि जॉन पेटो (१८५४-१९०७), दोघंही अमेरिकन चित्रकार, फिलाडेल्फियात शिकलेले, एकमेकांच्या ओळखीचे आणि रंगवायचे पण तेच, जुनी पुस्तकं, पाइप, व्हायोलिन, फळीला अडकवलेली पत्रं. सगळं असं की बघणाऱ्याचा हात आपोआप पुढे जावा. युक्ती साधी आहे, वस्तू खऱ्या मापाच्या काढायच्या आणि मागे लगेच फळी किंवा दार, म्हणजे चित्राला खोली जेमतेम चार बोटं, त्यामुळे डोळा फसतो. डोंगर-आभाळ काढून कोण फसणार?

हार्नेट आधी चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरायचा आणि ते दिसतंच. पितळ पितळेसारखं, लाकूड लाकडासारखं, कडा एकदम धारदार. त्याचं 'आफ्टर द हंट' (१८८५) न्यूयॉर्कच्या एका बारमध्ये लावलेलं होतं आणि गिऱ्हाईकं पैजा लावायची, वस्तू खऱ्या का रंगवलेल्या. १८८६ मध्ये त्याचं 'द ओल्ड व्हायोलिन' सिनसिनाटीत ठेवलं तर शेजारी पोलीस उभा करावा लागला! समीक्षक नाकं मुरडायचे, पण धंदेवाल्या लोकांना हे आवडायचं, कष्ट कुठे गेले ते समोर दिसतं ना.

पेटोकडे हा झगमगाट नाही. पितळ काय, कागद काय, सगळ्यावर खडूची बारीक पूड बसल्यासारखा मऊ उजेड. पुस्तकांची पुठ्ठ्याची पाठ निघालेली, कार्ड कोणीतरी ओढून काढलंय आणि कोपरा तेवढा चिकटून राहिलाय. मला खरं तर हाच जास्त आवडतो. पण बिचारा न्यू जर्सीतल्या आयलंड हाइट्सला जाऊन राहिला, तिथे कॉर्नेट (तुतारीसारखं एक वाद्य) वाजवायचा, चित्रं जाता-येता लोकांना विकायचा.

गोंधळ पुढे झाला. १९३९ ला न्यूयॉर्कमध्ये हार्नेटचं प्रदर्शन लागलं, संग्राहक तुटून पडले आणि पेटोच्या चित्रांवर हार्नेटच्या खोट्या सह्या चढल्या. नेल्सन रॉकफेलरने न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमला दिलेलं एक चित्र हार्नेटचं म्हणूनच गेलं होतं, आणि त्यातल्या रंगवलेल्या पोस्टाच्या शिक्क्यावर साल १८९४, म्हणजे हार्नेट जाऊन दोन वर्षं झालेली! डोळे फसवणारं चित्र घ्यायला निघालेले लोक सहीला फसले. शेवटी आल्फ्रेड फ्रँकनस्टाइन नावाचा समीक्षक १९४७ ला पेटोच्या घरी गेला, तर हार्नेटची 'मऊ' शैली म्हणून विकल्या गेलेल्या चित्रांतल्या वस्तू तिथे अजून पडलेल्या होत्या, म्हणजे ती चित्रं पेटोचीच.