तुकडे व्हायच्या आत काढलेला फोटो

कॅट रोडने सरळ गेलं की राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राचं गेट लागतं, आम्ही इंदूरवाले अजून त्याला जुन्या नावाने कॅटच म्हणतो. आत इंडस-2 आहे, 172.5 मीटर घेराची रिंग, तिच्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात आणि वळताना एक्स-रे सोडतात. फार कामाची मशीन आहे, पण अणू नेमके कसे हलतात ते पकडायला रिंगमधला फ्लॅश फार वेळ टिकतो.

त्यासाठी एक्स-रे लेसर लागतो. त्यात रिंगच नसते, सरळ बोगदा असतो. जर्मनीतला हॅम्बुर्गवाला तर 3.4 किलोमीटरचा! इलेक्ट्रॉन उलटसुलट चुंबकांच्या रांगेतून नागमोडी जातात, आणि त्यांचाच प्रकाश त्यांना पातळ थरांमध्ये गोळा करतो. म्हणजे अनंत चतुर्दशीच्या गर्दीत जो तो आपल्या चालीने चालत असतो आणि मधेच लेझीम पथक येतं, सगळ्यांचं पाऊल एका ठेक्यावर, तसे सगळे इलेक्ट्रॉन एका तालात चमकतात.

हा फ्लॅश काही फेम्टोसेकंदांचा असतो. सेकंदाचे 10 कोटी तुकडे करा, त्यातल्या एकाचे परत 1 कोटी, तो एक फेम्टोसेकंद. ताकद इतकी की ज्याचा फोटो काढायचा तो समोरचा स्फटिक उडूनच जातो, पण उडायलाही वेळ लागतो ना, तेवढ्यात फोटो निघालेला असतो! ही कल्पना 2000 साली कागदावर मांडली होती, 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लेसरवर प्रोटीनचे बारीक स्फटिक वापरून ती खरी करून दाखवली. दर फोटोला नवा स्फटिक लागतो, असे हजारो फोटो जुळवून मग प्रोटीनचा आकार कळतो.

मला सगळ्यात आवडतं ते झाडांवरचं काम. आपल्या अंगणातला कडुनिंब पाणी फोडून ऑक्सिजन सोडतो ते चार मँगनीज आणि एका कॅल्शियम अणूच्या गाठोड्यात, आणि त्याला प्रकाशाचे चार धक्के लागतात, चौथ्यानंतरच ऑक्सिजन सुटतो. शास्त्रज्ञ सायनोबॅक्टेरियातून, म्हणजे झाडांसारखेच उन्हावर जगणाऱ्या जिवाणूंतून, हे गाठोडं असलेलं प्रोटीन काढतात, साध्या लेसरने एकामागून एक धक्के देतात आणि मग एक्स-रे मारतात. 2023 मध्ये ऑक्सिजन सुटण्याच्या शेवटच्या पायरीतले मधले टप्पेही असे दिसले. पाण्यातून स्वस्तात हायड्रोजन काढायची धडपड जगभर चालू आहे, आणि ऑक्सिजनवाला हाच भाग त्यात सगळ्यात अवघड जातो, तोच कडुनिंबाचं पान रोज उन्हात करतं.