समुद्रातली जागल

आमचं गाव चिमूरकडचं, ताडोब्याच्या बफरला, म्हणजे वाघांच्या राखीव जंगलाच्या बाहेरच्या पट्ट्याला लागून. इथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, आणि गावात अजूनही असे लोक आहेत ज्यांनी समुद्र फक्त टीव्हीत पाहिलाय. त्यामुळे मी मालवणला जाऊन डॉल्फिन पाहून आलो म्हटल्यावर पारावर पहिला प्रश्न आला तो असा, "मागं किती जिप्स्या होत्या?" सगळे हसले पण प्रश्न एकदम बरोबर होता. ताडोब्यात वाघामागं लागतात तशा सफारीच्या जिप्स्या नव्हत्या, बोटी होत्या, आठ-नऊ तरी असतील.

झालं असं की देवबागला, जिथं कर्ली नदी समुद्राला मिळते तिथून आम्ही सकाळी सातला निघालो, लाइफ जॅकेट वगैरे घालून. अर्ध्या तासात बोटवाल्या काकांनी हातानं दाखवलं, "थंय बघा!" दोन काळपट पाठी वर आल्या, गेल्या. आणि त्याच क्षणी आजूबाजूच्या सगळ्या बोटींनी एकदम रेस दिली, कोणी पुढून घुसलं, कोणी मागून, सगळ्यांचे मोबाईल वर. पाच मिनिटांत पाणी रिकामं. माझा चुलतभाऊ ताडोब्यात जिप्सी चालवतो, तो हळूच म्हणाला, "भाऊ, हे तर सेम आपल्यासारखंच होऊन राहिलं."

सेम नाही, थोडं जास्तच वाईट आहे. वाघाच्या भोवती गाड्या लागल्या तर निदान त्याला दिसत तरी राहतं. डॉल्फिनचं तसं नाही.

आपल्या किनाऱ्याला लागून जो दिसतो तो बहुतेक वेळा इंडियन ओशन हंपबॅक डॉल्फिन. हंपबॅक म्हणजे काय, तर पाठीवर बैलासारखं वशिंड आणि त्या वशिंडावर छोटा पर. हा खोल समुद्रात जात नाही, किनाऱ्याच्या उथळ पाण्यातच जगतो, त्यामुळे आपली जाळी, आपलं सांडपाणी, आपल्या बोटी सगळं याच्याच वाट्याला येतं. जागतिक यादीत तो धोक्यात आलेल्या प्रजातींमध्ये आहे आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यात वाघाच्या बरोबरीनं पहिल्या अनुसूचीत. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे खरं, पण ते 29 चौरस किलोमीटरचं, आणि आमच्या ताडोब्याचा नुसता कोअर, म्हणजे आतला गाभाच 625 चा. एवढ्याशा जागेत हा कशाला बसून राहील.

आता आवाजाचं सांगतो, ते समजलं की बाकीचं आपोआप समजतं.

ज्यानं रात्री शेतात जागल केली आहे त्याला हे दोन मिनिटांत कळेल. अमावस्येची रात्र, तुम्ही मचाणावर, खाली हरभरा. डुक्कर दिसत नाही, ऐकू येतं. पाला कुठं वाजला, किती लांब वाजला, एक आहे का कळप आहे, सगळं कानावर. आणि अशात शेजारच्या धुऱ्यावर कोणी डिझेल इंजिन चालू केलं तर? संपलं. टॉर्च असून तुम्ही आंधळे, डुकरं हरभरा खाऊन जातात आणि तुम्हाला सकाळी कळतं.

डॉल्फिन जन्मभर जागलीवरच असतो म्हणा ना. किनाऱ्याचं पाणी गढूळ, दोन-चार हातांपलीकडं दिसत नाही, म्हणून तो टिकटिक आवाज सोडतो. कपाळात चरबीचा एक गोळा असतो, तो भिंगासारखा हा आवाज एका दिशेनं फेकतो, मासोळीवर आपटून आवाज परत येतो आणि तो ऐकायचा कुठून तर खालच्या जबड्यातून, तिथल्या चरबीतून तो आतल्या कानापर्यंत जातो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर पळतो, हवेच्या चौपटीहून जास्त. म्हणजे 75 मीटरवरच्या मासोळीची खबर सेकंदाच्या दहाव्या भागात हजर. याशिवाय एकमेकांशी बोलायला शिट्ट्या वेगळ्या, आणि बॉटलनोज डॉल्फिनमध्ये तर प्रत्येकाची स्वतःची वेगळी शिट्टी असते, जवळपास नावासारखी.

यात बोट शिरली की काय होतं? पंखा जोरात फिरला की पात्याजवळ पाण्याचा दाब इतका उतरतो की पाण्याचे बुडबुडे होतात आणि लगेच फुटतात, कढईत मोहरी तडतडावी तसे, फक्त सेकंदाला असंख्य. बोटीच्या गोंगाटाचा मोठा भाग हाच. पिल्लाची शिट्टी आईला ऐकू येणं याच गोंगाटातून व्हायचं असतं. म्हणून स्पीड कमी केला की नुसती टक्कर टळते असं नाही, ती तडतडच कमी होते. मला हे आधी माहीतच नव्हतं, मला वाटायचं हळू चालवा म्हणजे धडकू नका एवढंच.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर किलर व्हेल्सचे आवाज मोजले तेव्हा दिसलं की बोटींचा आवाज जितके डेसिबल वाढतो तितकेच डेसिबल ते स्वतः मोठ्यानं ओरडतात. लग्नात डीजे लागला की आपण शेजारच्याच्या कानात ओरडतो ना, तेच.

पण मला सगळ्यात भारी वाटला तो कॅनडातला किस्सा. फंडीच्या उपसागरात शास्त्रज्ञ राइट व्हेलचं शेण गोळा करून राहिले होते (तरंगतं ते, आणि पुढं तर ते शोधायला बोटीवर वास घेणारी कुत्री ठेवली), त्यातून ताणाचं हार्मोन मोजता येतं. तेवढ्यात सप्टेंबर 2001 मध्ये न्यूयॉर्कवर हल्ला झाला, जहाजांची ये-जा घटली, आणि समुद्राचा आवाज 6 डेसिबलनं उतरला, म्हणजे ताकदीनं बघाल तर चौथाईवर. त्याच दिवसांतल्या शेणात ताणाचं हार्मोनही कमी निघालं. असा प्रयोग कोणी ठरवून करूच शकलं नसतं.

आणि पर्यटनाचंच बघायचं तर ऑस्ट्रेलियातलं शार्क बे. तिथं डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटीवाल्यांचे परवाने एकाचे दोन झाले आणि त्या पट्ट्यातले डॉल्फिन साताला एक या हिशेबानं कमी झाले. सरकारनं मग एक परवाना काढून घेतला. दोनच बोटीवाले होते हो, दोन! आम्ही तर त्या सकाळी आठ-नऊ बोटी मोजल्या. ऑस्ट्रेलियात आता डॉल्फिनपासून 150 मीटरच्या आत एका वेळी तीनच बोटी, त्याही संथ, आणि 50 मीटरच्या आत मुद्दाम जायचं नाही. समोरून आडवं व्हायचं नाही, मागून हाकलायचं नाही, बाजूनं समांतर चालायचं.

बोटी बंद करा असं मी म्हणणार नाही. ताडोब्यात जिप्सी नसती तर आमच्या पोरांना काय काम होतं? आणि याच बोटीतून काढलेला फोटो अभ्यासाला कामी येतो, कारण पराच्या कडेला खाचा असतात, प्रत्येकाच्या वेगळ्या, कॅमेरा ट्रॅपमध्ये पट्ट्यांवरून वाघ ओळखतात तसंच हे.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो. भावानं काकांना आधीच सांगितलं, "काका, मागं लागू नका, तुमचे पैसे तेवढेच." काका जरा चमकले, मग एका जागी जाऊन त्यांनी इंजिन बंद केलं. बराच वेळ काहीच नाही, नुसती बोट हलते, माझ्या पोटात कालवाकालव. मग डाव्या हाताला, अगदी जवळ, "फुस्स". मग अजून एक, बारका. आई आणि पिल्लू असावं. दोघं आमच्या बाजूनं आरामात गेले.

मोबाईल काढेपर्यंत ते पुढं गेले होते, म्हणून व्हिडिओत नुसतं पाणी आहे आणि तो आवाज. पारावर तो दाखवला तर पोरं म्हणाली, "काईच तं दिसून नाई राहिलं." आमचे आबा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "पुन्हा लाव रे. डोहात म्हैस फुसकारते, तसंच हाय हे."