सही कोणाची? परिचारिकांच्या औषध-अधिकाराची पार्श्वभूमी

रात्री दोन वाजता वॉर्डात पेशंटला ताप चढतो. सिस्टर ताप मोजतात, केसपेपर चाळतात, कशाची ॲलर्जी आहे का ते विचारतात आणि मग पॅरासिटॅमॉलसाठी निवासी डॉक्टरांना फोन लावतात. ‘द्या सिस्टर, सकाळी सही करतो.’ गोळी कोणी ठरवली हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण कागदावर सही दुसऱ्याची राहते.

ब्रिटनमध्ये हीच अडचण १९८६ साली सरकारी अहवालात नोंदली गेली. ज्युलिया कम्बरलेज यांच्या समितीने घरोघरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या नर्सेसचं काम तपासलं. पायावरच्या जुनाट जखमेला कुठलं ड्रेसिंग हवं हे त्याच ठरवायच्या आणि चिठ्ठीवरच्या सहीसाठी दवाखान्यात ताटकळत बसायच्या. १९८९ मध्ये डॉ. जून क्राउन यांच्या गटाने औषधं लिहून देण्याचा अधिकार नर्सेसना द्यावा अशी शिफारस केली. १९९२ ला कायदा झाला आणि १९९४ ला आठ ठिकाणी प्रयोग सुरू झाला. यादी अगदी तोकडी होती: ड्रेसिंगचं साहित्य, पोट साफ होण्याची औषधं, पॅरासिटॅमॉल, उवांवरचं औषध. २००२ मध्ये ती वाढली. मे २००६ पासून खास अभ्यासक्रम केलेल्या नर्सेसना आपल्या कौशल्याच्या मर्यादेत जवळपास सगळी औषधं लिहिता येऊ लागली. त्यासाठी तेव्हा २६ दिवसांचं शिक्षण, शिवाय डॉक्टरांच्या देखरेखीखाली १२ दिवस काम. डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला होता.

सगळ्या नर्सेसना आनंदच झाला असंही नाही. अनेकींना वाटलं, करतच होतो ते आता आपल्या नावावर आलं. पण जबाबदारी वाढली, पगाराचं काय? चुकलं तर पाठीशी कोण उभं राहणार? हे प्रश्न रास्त होते, आजही आहेत.

आपल्याकडची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. औषधविक्रीचे नियम १९४५ चे. त्यांत चिठ्ठी नोंदणीकृत डॉक्टरचीच लागते. तरीही २०१० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार उपकेंद्रातली एएनएम (साहाय्यक परिचारिका-प्रसाविका), गरोदर बाईला झटके आले तर, पुढे पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचं पहिलं इंजेक्शन देऊ शकते. म्हणजे जिथे डॉक्टर पोहोचत नाही तिथे विश्वास टाकायचा आणि शहरातल्या बीएस्सी झालेल्या सिस्टरला गोळीसाठी फोन करायला लावायचा. अधिकार शिक्षण पाहून नव्हे, तर डॉक्टर नाही म्हणून दिला गेला. मला ही गोष्ट मनापासून खटकते.

पुढच्या पायऱ्याही तशाच अर्धवट. अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आला, पण औषधं रुग्णालयाने ठरवून दिलेल्या चौकटीतच. २०१८ नंतर आयुष्मान भारतच्या केंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले. त्यांत सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केलेल्या नर्सेस आहेत, तसे आपल्या महाराष्ट्रात बीएएमएस डॉक्टरही आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ ने ‘सामुदायिक आरोग्य सेवा पुरवठादारां’ना मर्यादित परवाना देण्याची सोय केली, तेव्हा डॉक्टर देशभर संपावर गेले. त्या कलमात ‘परिचारिका’ हा शब्द नावानिशी नाही. त्यामुळे रात्रपाळीच्या सिस्टरचा फोन अजून सुटलेला नाही.