ली ना

ली ना (जन्म २६ फेब्रुवारी १९८२, वूहान) : चीनची टेनिसपटू. ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) स्पर्धेत एकेरीचे विजेतेपद मिळवणारी आशियाई देशाची पहिली खेळाडू. ‘ली’ हे आडनाव. चिनी रीतीप्रमाणे ते आधी येते.

वडील बॅडमिंटनपटू असल्याने लहानपणी तिच्या हाती बॅडमिंटनची रॅकेट आली. आठव्या वर्षाच्या सुमारास ती टेनिसकडे वळली. १९९९ मध्ये ती व्यावसायिक खेळाडू झाली. चीनमध्ये तेव्हा खेळाडू म्हणजे सरकारी संघाचा माणूस. प्रशिक्षक कोण, स्पर्धा कोणत्या, हे वरून ठरे. २००२ च्या अखेरीस तिने खेळ सोडला आणि वूहानमधील विद्यापीठात पत्रकारितेचे शिक्षण सुरू केले. २००४ मध्ये परतून तिने क्वांगचौची स्पर्धा जिंकली. डब्ल्यूटीए (महिला टेनिस संघटना) स्पर्धेतील एकेरीचे विजेतेपद चीनकडे आले ते प्रथमच. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये व्हीनस विल्यम्सला हरवून तिने उपांत्य फेरी गाठली.

तिच्या कारकिर्दीला खरे वळण मिळाले ते त्यानंतर. काही निवडक खेळाडूंना संघाबाहेर पडून स्वतःचा प्रशिक्षक नेमण्याची मुभा मिळाली. चिनी भाषेत याला ‘दानफेइ’, म्हणजे एकट्याने उडणे, म्हणतात. बक्षिसाच्या रकमेतील सुमारे ६५ टक्के वाटा पूर्वी सरकारजमा होई. तो ८ ते १२ टक्क्यांवर आला. पती च्यांग शान काही काळ तिचा प्रशिक्षकही होता.

२०११ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात किम क्लाइस्टर्सशी झुंजताना तिने पंचांकडे तक्रार केली, ती प्रेक्षकांतील चिन्यांची : मला टेनिस शिकवू नका, असे त्यांना सांगा! तो सामना ती हरली. पण त्याच वर्षी ४ जूनला पॅरिसमध्ये फ्रान्चेस्का स्कियाव्होनेला ६-४, ७-६ असे नमवून तिने फ्रेंच ओपन जिंकली. टायब्रेकमध्ये (६-६ बरोबरीनंतरच्या निर्णायक गेममध्ये) प्रतिस्पर्ध्याला एकही गुण मिळाला नाही. २०१४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तिसऱ्या फेरीत लुत्सी साफारोवाकडे मॅच पॉइंट होता, म्हणजे सामना जिंकायला तिला एकच गुण हवा होता. तिचा फटका थोडक्यात बाहेर गेला आणि ली ना वाचली. पुढे अंतिम फेरीत तिने डोमिनिका त्सिबुल्कोवाला हरवले. बक्षीस समारंभात पतीचे आभार मानताना ‘मी तुला मिळाले, भाग्यवान आहेस’ असेही तिने सुनावले. त्याच वर्षी फेब्रुवारीत ती जागतिक क्रमवारीत दुसरी झाली.

गुडघ्यांवर चार शस्त्रक्रिया झाल्यानंतर १९ सप्टेंबर २०१४ रोजी तिने निवृत्ती जाहीर केली. वूहानमध्ये पहिलीवहिली डब्ल्यूटीए स्पर्धा सुरू व्हायला तेव्हा दोनच दिवस उरले होते.