ग्राफ खाली आला म्हणजे ड्रायव्हरने डिझेल काढलं?

ट्रान्सपोर्टवाल्यांमधे एक समज पक्का बसलाय, की जीपीएसला फ्युएल सेन्सर जोडला की टाकीतलं डिझेल लिटरमधे अचूक दिसतं आणि ग्राफ खाली आला की चोरी झालीच. असं नसतं हो.

हा सेन्सर म्हणजे बहुतेकदा टाकीत उभी सोडलेली कपॅसिटिव्ह रॉड (विजेच्या बदलावरून पातळी ओळखणारी दांडी), ती लिटर मोजतच नाही, ती फक्त डिझेलची उंची बघते आणि एक आकडा पाठवते, त्या आकड्याचे लिटर सॉफ्टवेअर करतं तेही आपण दिलेल्या टेबलवरून (कुठल्या आकड्याला किती लिटर, हा तक्ता). हे टेबल बनवायचं म्हणजे गाडी सपाट जागी लावायची, टाकी रिकामी करायची, मग मापाने 20-20 लिटर ओतत जायचं, प्रत्येक वेळी डिझेल शांत होऊ द्यायचं आणि रीडिंग लिहायचं. कंटाळवाणं काम आहे, म्हणून बरेच फिटर दुसऱ्या गाडीचं टेबल चिकटवून मोकळे होतात, आणि टाकीचा आकार जरा वेगळा असला की सगळा हिशोब बोंबलतो.

कसारा घाटात गाडी चढावर उभी राहिली की डिझेल एका बाजूला सरकतं, रॉड टाकीच्या मध्यावर नसेल तर लेव्हल पडलेली किंवा वाढलेली दिसणारच. शिवाय थंडीत डिझेल आकसतं, 300 लिटरला 20 अंशाच्या फरकात साधारण 5 लिटर!

खरी चोरी बघायची तर इग्निशन बंद, गाडी सपाटीवर, काही मिनिटांत मोठी घट आणि नंतर लेव्हल परत वर येत नाही, हे सगळं जुळतंय का बघा, मगच ड्रायव्हरचा पगार कापायच्या गोष्टी करा.