रशियाने कधी वसाहती केल्याच नाहीत?

'ब्रिटन-फ्रान्सने जग लुटलं, रशियाने मात्र कधीच वसाहती केल्या नाहीत', हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. तो चटकन पटतोही, कारण वसाहत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जहाजं येतात. रशिया मुख्यतः जमिनीवरून सरकत गेला.

१५८०च्या दशकात सैबेरियात शिरलेले कोसॅक (रशियासाठी लढणारे लढवय्ये) १६३९मध्ये पॅसिफिकच्या किनाऱ्याला पोचलेही होते. वाटेतल्या जमातींकडून 'यासाक' वसूल होई, म्हणजे सेबल वगैरे प्राण्यांच्या कातड्यांच्या रूपातला कर. तो बुडू नये म्हणून त्यांचीच माणसं ओलीस ठेवत. मध्य आशिया नंतर जिंकला: ताश्कंद १८६५, खिवा १८७३, कोकंद १८७६. तिथला कापूस रशियातल्या गिरण्यांकडे जाई. आपला मँचेस्टरला जायचा, तसाच.

सोव्हिएत काळात आशिया-आफ्रिकेतल्या स्वातंत्र्यलढ्यांना मॉस्कोचा पाठिंबा होता, हे खरं. पण त्याने आधीचा इतिहास पुसला जात नाही.

पडताळायचंय? १५०० आणि १९००चे नकाशे शेजारी ठेवा. मग व्लादिवोस्तोक या पॅसिफिककाठच्या रशियन शहराच्या नावाचा अर्थ शोधा: 'पूर्वेवर राज्य कर'. व्लादिकावकाझ या दुसऱ्या शहराच्या नावात पूर्वेच्या जागी कॉकेशस हा डोंगराळ प्रदेश. आणि समुद्रापलीकडचं म्हणाल, तर अलास्का होतंच की. १८६७मध्ये रशियाने ते अमेरिकेला ७२ लाख डॉलरना विकलं.